हाताची घडी, तोंडावर बोट



बँकेतल्या मुलीने माझ्याकडून तीनदा सही करून घेतली आणि तिन्ही वेळा मान हलवली. "आजी, जुळत नाहीये हो." जिने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे हात धरून अक्षर गिरवून घेतलं, तिची सही तिच्याच जुन्या सहीशी जुळेना! शेवटी अंगठा दिला. बाहेर आले आणि पायरीवर जरा वेळ बसूनच राहिले. आमच्या दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) मला शाळेत घातलं ते याचसाठी, की पोरीला कधी अंगठा लावायची वेळ येऊ नये.

पेन बोटांत टिकतच नव्हतं. हे कसं झालं ते सांगते. घरातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून सांगते, कारण तुमच्यातले निम्मे जण दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसलेले असतात.

दादा लातूरकडच्या आमच्या गावाहून दरवर्षी दिंडीबरोबर चालत कपिलधारला यायचे. कार्तिक पौर्णिमेला इथे मन्मथस्वामींच्या समाधीला मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लोक येतात, कितीतरी जण पायी. दादा वाटेत रोज रात्री वहीत लिहायचे. मुक्काम कुठे झाला, भाकरी कोणी वाढली, कोणाच्या पायाला फोड आला, भजनाला कोण होतं. अशा अकरा वह्या माझ्याकडे आहेत. पुढे माझी नोकरी आणि संसार बीड तालुक्यातच झाला आणि आता तर मी कपिलधारलाच राहते. दादा ज्या गावाकडे चालत यायचे तिथे माझं घर! असो.

वह्यांची शाई उडत चालली आहे. बाहत्तरच्या दुष्काळातल्या वहीचा कागद तर हात लावला की कडेने तुटतो. म्हणून ठरवलं, आपण हे सगळं टाईप करायचं आणि यंदाच्या कार्तिकीला नातेवाइकांच्या हातात द्यायचं. नातवाचा जुना लॅपटॉप होताच. ज्येष्ठात बसले.

बसले म्हणजे कशी? दिवाणावर मांडी घातली, समोर पाट, पाटावर लॅपटॉप, डाव्या मांडीवर वही. सकाळची पूजा झाली की बसायचं ते जेवणापर्यंत. दुपारी चहा घेऊन परत, ते दिवेलागणीपर्यंत. दिवसाला पाच-सहा तास. बाहेर पाऊस सुरू झाला, धार कोसळायला लागली, रविवारी धबधबा बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागली. मी आपली आत. सूनबाई म्हणायची, "आई, जरा उठा आता." मी म्हणायचे, "एवढं पान होऊ दे." आणि खरं सांगू? मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. या वयात एका जागी सहा तास बसते म्हणून!

श्रावणात रात्री जाग यायला लागली. उजव्या हातात मुंग्या. हात झटकला की बरं वाटायचं, परत तेच. मग मान धरली. डोळ्यांत खडा गेल्यासारखं चुरचुरायला लागलं. तोंडली चिरताना सुरी हातातून निसटायची. मी सगळं वयावर ढकललं आणि बसत राहिले. भाद्रपदात बँकेतला प्रकार झाला तेव्हा बीडला डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो करंगळीचा. "करंगळीला मुंग्या येतात का?" मी विचार केला. नव्हत्या येत. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्यांतच. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मनगटात हाडांचा आणि एका पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याच गर्दीतून एक नस. मनगट सतत वाकलेलं राहिलं किंवा आत सूज आली की त्या नसेला जागा पुरत नाही. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून करंगळी सुटते. एसटीत मधल्या दारात उभं राहून प्रवास केलेल्या बाईला गर्दीतली घुसमट वेगळी समजावून सांगावी लागत नाही!

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, सगळा दोष कॉम्प्युटरवर टाकू नका. बायकांमध्ये हे दुखणं जास्त, मधुमेह असला की आणखी जास्त, आणि तुम्हाला साखर आहे. पण पाटावरच्या त्या कीबोर्डवर तुमची मनगटं तासन्‌तास वर मुडपलेली असतात, त्याने भर पडते. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला दिली, साखर सांभाळायला सांगितली. मानेचे व्यायाम दिले. आणि निघताना म्हणाले, "सलग बसू नका." मी "हो" म्हटलं आणि घरी येऊन, पट्टी काढून, सलग बसले. शिक्षकांइतके वाईट विद्यार्थी नसतात.

मग एक दिवस लॅपटॉपचा पडदा अंधुक दिसायला लागला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीला आला असेल. तिसरीत असताना या पोराने मला फार छळलं होतं. पाच मिनिटं एका जागी बसायचा नाही. पाणी आणायचं असो, खडू आणायचा असो, घंटा द्यायची असो, याचा हात पहिला वर. मी त्याला कामचुकार समजायचे. वर्षभर माझ्या टेबलाजवळ बसवला होता, नजरेसमोर. "हाताची घडी, तोंडावर बोट!" हे मी त्याला किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही.

त्याने मशीन पाहिली आणि म्हणाला, "बाई, पडद्याला काही झालं नाही. उजेड कमी केला गेलाय नुसता. पण तुम्ही अशा वाकून किती वेळ बसता?"

"जेवणापर्यंत."

"मधे उठत नाही?"

"काम अर्धं टाकून कसं उठायचं?"

तो हसला. "बाई, हे तुम्ही मला तिसरीत म्हणाला होतात." मग म्हणाला, "मला अजूनपण बसवत नाही बघा. दुकानात मला खुर्चीच नाही. गिऱ्हाइकाला आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण तो गेल्यावर मला काम सुचलं नाही.

मंडळी, मी चांगली शिक्षिका होते असं लोक म्हणतात. माझा वर्ग शांत असायचा. साहेब तपासणीला आले की माझ्या वर्गाचं उदाहरण द्यायचे. साठ मुलं ताठ बसलेली, हाताची घडी, टाचणी पडली तर ऐकू येईल. शांत म्हणजे शहाणं आणि चुळबुळ म्हणजे वाईट चाल, हे आम्ही न बोलता शिकवलं. आठ वर्षांचं अंग ओरडून सांगत असायचं की मला हलू द्या, आणि आम्ही त्याला गप्प करायचो. ते पोर शेवटी गप्प होतंच. पुढे ते मोठं होऊन कचेरीत बसतं, कॉम्प्युटरपुढे बसतं, आणि पाठ ओरडली तरी त्याला ऐकूच येत नाही. मला तरी कुठे आलं? रात्री दोन वाजता हात मला उठवत होता आणि मी त्याला झटकून झोपवत होते.

नातवाची गोष्ट सांगते. तो पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याच्याकडे वीस हजारांची खुर्ची आहे. पाठीला टेका, मानेला टेका, हाताला टेका. तरी पाठ दुखते. पण २०२० च्या टाळेबंदीत तो इथे कपिलधारला येऊन राहिला होता तेव्हा नव्हती दुखत. इथे मोबाइलला धड रेंज नाही. प्रत्येक फोनला गच्चीवर पळायचा, लाईट गेली की ओसरीत येऊन बसायचा, नाहीतर खाली धारेपर्यंत चक्कर मारून यायचा. तेव्हा आम्ही महावितरणला नावं ठेवत होतो! खुर्ची चांगली असावी, नाही म्हणत नाही. पण सगळ्यात चांगल्या खुर्चीवर सुद्धा तासन्‌तास एकाच तऱ्हेने बसलं की अंग आखडतंच.

हे दुखणं नवीन आहे असं मला वाटत होतं. तसं नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत कारकून-लेखनिकांवर एक स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यांच्या दुखण्याची तीन कारणं त्याने दिली आहेत: सतत बसणं, हाताची सतत तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीचं माझंच वर्णन की हो! त्याच्या ओळखीचा एक लेखनिक होता. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. मग त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली, तर थोड्या दिवसांनी डाव्या हातालाही तेच झालं. हे वाचलं आणि मी घाबरले. कारण मीही मनात हाच बेत केला होता. उजवा गेला तर डाव्याने टाईप करू!

आणि इतक्या लांब इटलीला तरी कशाला जायचं? समर्थ रामदास आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात त्यांनी सांगितलंय की तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, अक्षर मध्यम असावं. आमच्या दादांनी कागद वाचवायला मुंगीएवढं अक्षर काढलं आणि ते वाचायला त्यांच्या लेकीला सत्तरीत वहीत डोकं घालावं लागलं. समर्थांचं ऐकलं असतं तर माझी मान वाचली असती.

डोकं घालण्याचंही गणित आहे. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. मान सरळ असली तर मानेवर तेवढाच भार. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये हिशोब मांडला, की मान साठ अंशांत वाकवली तर मानेवरचा ताण सत्तावीस किलोच्या आसपास जातो. अर्ध्या पोत्याहून जास्त ज्वारी मानेवर घेऊन मी दादांच्या वह्या टाईप करत होते म्हणायची.

तर मग मी काय काय बदललं ते सांगते. खर्च फार नाही.

पहिलं म्हणजे दिवाण सोडला. माझी शिलाई मशीन कोपऱ्यात पडून होती. तिचं डोकं आत दुमडलं की वर सपाट टेबल होतं. खुर्ची घेतली साधी लाकडी, शाळेतल्यासारखी. मी बुटकी, माझे पाय खुर्चीवरून लोंबकळतात आणि पाय लोंबकळले की मांड्यांना रग लागते. पण मशीनला पायडल आहे ना! पट्टा काढून टाकला आणि पाय पायडलवर ठेवले. आता टाईप करताना पाय आपोआप हलत राहतात. तिसरीतला तो पोरगा बाकाखाली पाय हलवायचा, अगदी तसेच.

दुसरं, लॅपटॉपचं. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, ही त्याची मूळ अडचण. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात खांद्याशी जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. नातवाने एक सुटा कीबोर्ड पाठवला. राहिला पडदा उंच करायचा प्रश्न. आमच्या सासूबाई परमरहस्याची पोथी वाचायच्या ती लाकडी ठवणीवर. मागे कललेली पोथी, हातभर अंतर, पाठ ताठ. अध्याय संपला की उठून समईत तेल घालायच्या, पाणी प्यायच्या, मग पुढचा अध्याय. त्यांना शेवटपर्यंत मानेचं दुखणं नव्हतं. त्यांच्या ठवणीवर लॅपटॉप ठेवायला मन होईना, म्हणून तशीच पण जरा उंच ठवणी सुताराकडून करून घेतली. वहीला एक वेगळी छोटी, पडद्याच्या शेजारीच. म्हणजे सारखं खाली-वर बघायला नको.

तिसरा चष्मा. माझा दुहेरी भिंगाचा. वाचायचं भिंग खाली, म्हणून पडदा वाचायला मी हनुवटी वर करायचे आणि वही बघायला मान खाली. दिवसभर होकार देणाऱ्या नंदीबैलासारखी मान! चष्मेवाल्याने पडद्याचं अंतर मोजून आणायला सांगितलं आणि तेवढ्याच अंतरासाठी एक वेगळा चष्मा करून दिला. पडद्यावरचं अक्षर समर्थांच्या आज्ञेप्रमाणे मोठं केलं. पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या मिटायचं विसरतो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटतात, पडद्यापुढे त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी. म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघावं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. शहरातल्या लोकांना समोरची इमारत बघावी लागते. मला खिडकीतून बालाघाटचा डोंगर फुकट आहे.

चौथं टायपिंग. मी रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचे. नातीने इनस्क्रिप्ट शिकवलं. आपल्या बाराखडीच्या स्वभावाप्रमाणे बेतलेला कीबोर्ड आहे. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'कपिलधार' लिहायला सात कळा, फक्त ध ला शिफ्ट धरायची. रोमनमधून दहा-बारा तरी लागतात. हात आळीपाळीने चालतात, जात्यावर दोघी बसल्यासारखे. महिनाभर जड गेलं, आता बसलं. मनगट टेबलाच्या कडेवर टेकायचं नाही, कोपर अंगाजवळ आणि काटकोनात. पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हेच शिकवायचे.

हात दुखला की बोलून लिहिते. २०१७ पासून गुगलला मराठी बोललेलं कळतं. दादांचे मराठवाडी शब्द मात्र त्याला कळत नाहीत. मी म्हटलं "कोरड्यास", त्याने लिहिलं "कोरडा श्वास". पण मधे मधे खोलीत फेऱ्या मारत लिहिता येतं, हे काय थोडं झालं?

पाचवं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड. उठायचं. स्वयंपाकघरातला कुकरच्या वेळेचा गजर आता माझ्या मशीनवर असतो. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. अंगणात जाऊन यायचं, तुळशीला पाणी, वाळत घातलेले कपडे, काहीही. सुरुवातीला फार चोरट्यासारखं वाटायचं. कोणीतरी "बाई, जागेवर बसा" म्हणेल असं वाटायचं. चौतीस वर्षांची सवय, ती लवकर जात नाही.

एक दिवस टाईप करता करता माझ्या लक्षात आलं. दादांनी अकरा वह्यांत कुठेही आज किती कोस चाललो हे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते विसाव्याचं. अमक्या ओढ्याला विसावा, तमक्याच्या वडाखाली विसावा, शाळेच्या ओसरीत विसावा आणि गुळाचं पाणी. एवढी माणसं, त्यांत माझ्याएवढ्या म्हाताऱ्या बायका, इतक्या लांबून चालत कपिलधारला पोचायच्या ते या विसाव्यांच्या जोरावर. न थांबता चाललेली दिंडी कोणी पाहिली आहे? मी मात्र दादांचा विसावा टाईप करत होते, विसावा न घेता.

कार्तिकी झाली. वह्या पूर्ण झाल्या नाहीत. सात झाल्या, चार बाकी आहेत. दिंड्या आल्या, दोन दिवस घरासमोरून भजनं ऐकली, आल्या-गेल्याला पाणी दिलं. ज्यांना सगळ्या वह्या द्यायचं कबूल केलं होतं त्यांना सातच दिल्या आणि माफी मागितली. उरलेल्या चार आता जमतील तशा. रात्रीच्या मुंग्या कमी झाल्यात, गेल्या नाहीत. मनगटाचं छोटं ऑपरेशन लागेल का ते डॉक्टर पुढच्या वेळी ठरवणार आहेत. बँकेत जाऊन नवीन सही दिली. 'स' चं पोट जरा हललंय, पण माझीच आहे.

त्या विद्यार्थ्याला यात्रेच्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. पाटावर बसवलं तर दोन घास खाऊन म्हणाला, "बाई, मी उभ्याने जेवू का?"

म्हटलं, "जेव बाबा."